एक जखम, दोन दारं

आजचा विषय अमेरिकेतल्या माजी सैनिकांचं जुनाट दुखणं आणि त्यांचं अफूजन्य औषधांचं व्यसन. हे दोन विषय एकत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं की बहुतेकदा ते एकाच जखमेतून निघाले. वेगळे केले ते कायद्यानं.

एप्रिल १८६५ मध्ये यादवी युद्ध संपत आलं होतं. जॉर्जियातल्या कोलंबसच्या लढाईत जॉन पेम्बर्टन नावाचा दक्षिणेचा अधिकारी जखमी झाला. दुखणं थांबावं म्हणून मॉर्फीन घेतलं आणि ते सुटेचना. पेशानं तो औषधं बनवणारा. मॉर्फीनला पर्याय शोधताना त्यानं कोकाच्या पानांचं पेय काढलं, त्यातूनच १८८६ मध्ये कोका-कोला आलं. ही गोष्ट सगळे गमतीनं सांगतात. पण तिच्या मुळाशी उपचार न झालेलं दुखणं आहे, हे विसरू नका.

तिकडे फिलाडेल्फियात डॉ. सायलस वेअर मिचेल गोळीनं नसा दुखावलेल्या शिपायांवर उपचार करत होते. आगीसारखी जळजळ, कापून टाकलेल्या हाताचंही दुखणं, हे सगळं त्यांनी नोंदवलं. हाताशी औषध होतं मॉर्फीन, कातडीखाली टोचायचं. आता बघा, वेदना वर्षानुवर्षांची आणि औषधाचा असर काही तासांचा! पुन्हा पुन्हा सुई घ्यावी लागणारच.

सरकारनं काय केलं? १८९० च्या पेन्शन कायद्यात अट होती, की अपंगत्व स्वतःच्या वाईट सवयींमुळे आलेलं नसावं. म्हणजे जखम देशासाठी झालेली, पण जखमेतून लागलेली सवय मात्र शिपायाचा दोष.

पुढे १९१४ चा हॅरिसन कायदा आला. १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की केवळ सवय टिकवण्यासाठी मॉर्फीन लिहून देणं म्हणजे उपचार नव्हे. डॉक्टर धास्तावले. तिथून दोन दारं झाली: दुखण्याचं दार दवाखान्याचं, व्यसनाचं दार बऱ्याचदा तुरुंगाचं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वांडर यांनी मेथाडोननं व्यसनावर उपचार करता येतो हे दाखवलं. पण त्यासाठीही पुढे वेगळी, परवान्याची केंद्रंच निघाली.

१९९९ च्या सुमारास माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या पंक्तीला बसवलं. हेतू चांगला होता, पण त्याच काळात गोळ्या भराभर लिहिल्या जाऊ लागल्या. इराक-अफगाणिस्तानातून पाठीचं, गुडघ्याचं दुखणं घेऊन परतलेली पोरंही त्यात सापडली. मग २०१३ मध्ये गोळ्या कमी करण्याची मोहीम निघाली. गोळ्या कमी झाल्या, दुखणं मात्र जिथल्या तिथं. २०२० मध्ये याच रुग्णालयांतल्या रुग्णांचा अभ्यास आला. गोळ्या बंद केल्यानंतर अतिमात्रेनं किंवा आत्महत्येनं मरण्याचा धोका वाढलेला दिसला.

म्हणून ब्युप्रेनॉर्फिन महत्त्वाचं. २००२ मध्ये अमेरिकेत व्यसनाच्या उपचारासाठी त्याला मंजुरी मिळाली, पण मुळात ते वेदनाशामक. तलफ आवरायला दिवसातून एकदा पुरतं. दुखण्यावरचा असर मात्र काही तासांत ओसरतो, म्हणून तोच डोस विभागून दोन-तीनदा देतात. सोबत व्यायाम, समुपदेशन, झोपेवर आणि युद्धाच्या मानसिक आघातावर उपचार. आणि हे सगळं शक्यतो एकाच छताखाली.

हे औषध जादूची कांडी नाही. पण ते देताना डॉक्टरला एक प्रश्न टाळता येत नाही, जो १८९० च्या कायद्यानं विचारलाच नाही: 'बाबा, दुखतंय कुठं?' व्यसनमुक्तीची सुरुवात कित्येकदा त्या उत्तरापासून होते. आणि सैनिकाला हा प्रश्न विचारणं ही मेहेरबानी नव्हे, ते देणं आहे.