मागचं चाक

1862 साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला, आणि 1867 ला रेल्वे नागपूरपर्यंत गेली. त्याआधी इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. तांडा पावसात सापडला की संपलं! काळ्या मातीत बैल रुतायचे, कापूस भिजून जड व्हायचा. रेल्वेनं तो त्रास मिटवला, पण वावरापासून गावापर्यंतची पांदण होती तशीच राहिली. आजही जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या भारी जमिनीतली पांदण ओलांडायची म्हणजे पहिला प्रश्न चाकाचाच.

जुन्या बंडीचं चाक उंच आणि अरुंद होतं. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चढवायची, वरून पाणी मारलं की ती आवळून बसायची. हे चाक चिखल कापत जाई. उंच असल्यानं रुतलं तरी आख मातीला टेकत नसे. मग टायरची बंडी आली. डांबरी रस्त्यावर तिच्यात जास्त माल ओढला जायचा आणि बैलाला त्रास कमी. पण तिचं चाक बुटकं. पांदणीत आख टेकला की बंडी जागच्या जागी. म्हणून काही घरी दोन्ही बंड्या असत, एक बाजाराची आणि एक वावराची.

एक गोष्ट मात्र मोटारसायकल आल्यावरच ध्यानात आली. बंडीत ओढतो बैल, चाक नुसतं फिरते. मातीला पकड बैलाच्या खुराची. खूर दुभंगलेला असल्यानं तो चिखलात फाकतो आणि उचलताना सुटून येतो. कडक रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला नाल मारत, वावरातल्या बैलाला त्याची गरज नसे. मोटारसायकलीत खूर नाही. मागचं चाकच बैल आणि तेच चाक. पुढचं चाक दिशा दाखवते, गाडी ढकलते ती मागच्या टायरची नक्षी.

1972 मध्ये लूना आली, राजदूत त्याआधीपासून होती, 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आणि 1994 ला स्प्लेंडर. खेड्यातली मोटारसायकल म्हणजे बहुतेक स्प्लेंडरच. तिचा टायर केला डांबरी रस्त्यासाठी. त्याच्या बारीक नक्षीत काळी माती दोन फेऱ्यांत भरते, मग टायर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. वरून मडगार्डात माती कोंबली जाते आणि चाक फिरतच नाही.

आमच्या गावात एका पावसाळ्यात निंदणाऱ्या बाईला साप चावला. वावरात तीन मोटारसायकली उभ्या होत्या. तिन्हींची मागची चाकं जागेवर फिरून खड्डे पाडत राहिली. शेवटी बंडी जुंपून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. बाई वाचली. तेव्हापासून पोरं बटन टायरबद्दल विचारू लागली.

पण बटन टायर म्हणजे एकच प्रकार नव्हे. आमच्या काळ्या मातीला उंच आणि दूरदूर बसवलेली बटनं पाहिजेत, म्हणजे मधली माती फिरताना फेकली जाते. जवळजवळची असली की तीही भरतात, अन् पैसे पाण्यात. आर्वी, आष्टी, कारंज्याकडची बरड, मुरमाड जमीन उलट. तिथं उंच बटन गोट्यावर वाकते, फाटते. तिथं बुटकी, जवळजवळची बटनं आणि जाड बाजू बरी. नदीच्या रेतीत टायरची हवा थोडी कमी केली की तो पसरतो, वर तरंगतो. पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. मातीवरच्या शर्यतीच्या गाड्यांना त्यासाठी रिमला वेगळा खिळा असतो, आपल्याला तो नाही. रेतीतून निघालं की हवा भरून घ्यायची.

डांबरावर हीच उंच बटनं लवकर झिजतात, गाडी डुलते, ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून ज्याचा रोजचा रस्ता हिंगणघाटपर्यंत डांबरी आणि पांदण फक्त एक किलोमीटर, त्यानं पुरा बटन टायर कशाला घ्यायचा? मागं अर्धी नक्षी अर्धं बटन असा टायर टाकावा, पुढचा साधाच राहू द्यावा. एकाच मापापुरता रुंद घ्यावा. जास्त रुंद टायर चेनकव्हरला घासतो आणि चिखलाला जागाच उरत नाही. बाजूवर बाण असतो तो चाकाच्या फिरण्याकडं करून बसवावा. काही पंक्चरवाले तिकडं पाहतच नाहीत बाप्पा! आणि पावसाळ्यात मागच्या मडगार्डाची खालची पट्टी काढून ठेवावी, मागच्या माणसाचे कपडे खराब झाले तरी चालतील.

सरकारनं 2021 साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. आमच्या पांदणीवर मुरूम पडला, पण अर्ध्यापर्यंतच. तिथवर साधा टायर जातो. पुढच्या अर्ध्यासाठी शेजाऱ्याच्या पोरानं मागं बटन टायर टाकला आहे, आणि मी अजून बैल विकलेले नाहीत.