गुरजीची पोरगी

जूनचा दुसरा आठवडा होता. तळोदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी जनरल रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले होते. व्हरांड्यात नर्मदेकाठून उठून आलेल्या माणसांची रांग लागली होती. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतली काही कुटुंबं सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहतींत येऊन राहिली होती. साल १९९६. नंदुरबार जिल्हा अजून झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ चा. आम्ही धुळे जिल्ह्यातच मोडत होतो.

"जन्म कधीचा?" मी विचारायची.

"होळीच्या आधीचा."

"कोणत्या सालचा?"

यावर नुसतं हसू यायचं. मग बहुतेक शिक्षक करतात तेच मी करत होते. वयाचा अंदाज बांधायचा आणि तारीख टाकायची, १ जून. आमच्याकडे अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला असतो.

एक पन्नाशीचा माणूस नातवाला घेऊन पुढे आला. मी नाव विचारलं, त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडेच बघत राहिला. मग माझं माहेरचं आडनाव काय, गाव कोणतं, असं उलटं त्यानंच मला विचारलं. मी सांगितलं. सारंगखेड्याजवळचं, तापीकाठचं गाव.

"तू गुरजीची पोरगी," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. डोंगरातली बोली कलेक्टरलाही 'तू'च म्हणते, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही.

"गुरुजी माझे काका. माझे वडील शेती करायचे."

"काका नाही. बाप." आणि मागे वळून त्यानं आपल्या बोलीत रांगेला काहीतरी सांगितलं. दोन म्हाताऱ्या रांग सोडून आत आल्या. एकीनं माझ्या गालावरून हात फिरवला. दुसरी नुसतीच 'याहा, याहा' म्हणत राहिली. त्यांच्या देहवालीत याहा म्हणजे आई. देवमोगऱ्याची याहा मोगी तीच, दुष्काळात लेकरांना दाणा पुरवणारी. पण ही म्हातारी देवीबद्दल बोलत नव्हती, एवढं मला कळलं.

तो माणूस माझा मामा होता. मी अडतीस वर्षांची होते. ज्यांना आबा म्हणत वाढले ते माझे मोठे काका होते, जिला माय म्हणत होते ती मोठमाय होती, आणि ज्यांना काका म्हणत होते त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती.

मामानं जे सांगितलं ते असं. १९५५ च्या आसपास मोलगीच्या पलीकडं, नर्मदेच्या उतारावरच्या एका पाड्यात लोकल बोर्डाची शाळा उघडली. काका तिथले पहिले गुरुजी. मामा त्यांच्या पहिल्या सहा पोरांतला. शाळेला भिंती नव्हत्या, पावसाळ्यात ती आजोबांच्या ओसरीवर भरायची. त्या घरात मामाची थोरली बहीण होती. पुढं काय झालं ते मामानं एका वाक्यात उरकलं: "मग गुरजी आमच्याकडेच जेवायला लागला."

पंच बसले. तिकडं देज मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं असतं, आणि ते ठरवायला दोन्ही बाजू लागतात. काकांच्या बाजूनं बसायला कोणी नव्हतं. घरी कळवायची त्यांची छाती झाली नव्हती. शेवटी पाड्यातलाच एक म्हातारा उठला आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसला. म्हणाला, आजपुरता हा माझा पोरगा. मग त्यानं आपल्याच भाऊबंदांशी देजावरून तासभर घासाघीस केली. काका माळकरी. मोहाच्या दारूचं पान पुढं आलं तेव्हा त्यांनी करंगळी बुडवली आणि कपाळाला लावली. हे सांगताना मामा चाळीस वर्षांनंतरही हसत होता. सपाटीवरचे लोक भोंगऱ्या बाजाराच्या ज्या चवीनं गोष्टी सांगतात, जणू होळीआधीचा तो बाजार पोरी पळवण्यासाठीच भरतो, तसलं यात काही नव्हतं. भोंगऱ्या होळीच्या खरेदीचा बाजार आहे, आणि माझ्या आईवडिलांचं लग्न चारचौघांत भाव ठरवून झालं होतं.

मी १९५८ ची. १९६० च्या पावसाळ्यात आई हिवतापानं गेली. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले होते. पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. कोण कुठे जाणार याच्या याद्या झाल्या, नकाशे झाले. मला काकांनी झोळीत घालून डोंगरावरून सपाटीवर आणलं, त्याची नोंद कुठेच झाली नाही.

त्या संध्याकाळी मी थेट गावी गेले. मोठमाय अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरचीचा लाल गालिचा पडतो तेव्हा तो फोटोत छान दिसतो, पण देठ खुडणाऱ्या बाईची बोटं रात्रभर जळतात. मी समोर बसले आणि मामाचं नाव घेतलं. तिचे हात थांबले नाहीत.

"कोनी इचारं नही, मी सांगं नही," ती म्हणाली.

तिला मूल नव्हतं. धाकट्या दिरानं आणलेलं दोन वर्षांचं लेकरू तिनं पदरात घेतलं. दिराचं वर्षाच्या आत जातीत लग्न लावून दिलं, बदली करवून घेतली. गावाला सांगितलं, मुलगा डोंगरात नोकरीला होता, हिवतापानं खंगला, परत आला. यातला शब्दही खोटा नव्हता.

एवढं का झाकावं लागलं, हे आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला समजणं अवघड आहे. आमच्या सपाटीवर आदिवासी म्हणजे सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा, उचल फेडता फेडता पुढचं साल लागणारा, स्वतःच्याच गहाण पडलेल्या जमिनीवर मजुरी करणारा. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांच्या मागे हजारो भिल्ल बाया-बापड्या रस्त्यावर आल्या. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमच्या ओट्यावर माणसं जमून 'हे लोक माजले' म्हणत होती. काका खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उठून आत गेले आणि मला म्हणाले, "पुस्तक आण, बघू कुठवर आलीस." ती एक संध्याकाळ मी आता किती वेळा आठवते.

मग मी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटले. इतिहास हा शब्दही मनात नव्हता, आपण कोण एवढंच विचारायचं होतं. आणि विचारता विचारता सगळीच सरमिसळ निघाली.

आमची अहिराणी, तिचं नाव अहिर गवळ्यांचं. नंदुरबारचं नावसुद्धा लोक नंद गवळी राजाशी जोडतात. डोंगरातले पावरा सांगतात, आम्ही धारकडचे पवार. कोकणा सांगतात, आमचे पूर्वज दुष्काळात कोकणातून वर आले. शहाद्याकडच्या गुजरांच्या बोलीत गुजरात अजून जिवंत आहे. आणि आमच्या नंदुरबारचा हुतात्मा, ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्या छातीवर झेलणारा शाळकरी शिरीषकुमार मेहता, त्याच्या ओठांवरची घोषणा गुजराती होती. दर वर्षी त्याला हार घालताना कोणाला ते खटकत नाही, आणि खटकूही नये.

पण खरा धक्का मोठमायनंच दिला. एका दुपारी मी म्हटलं, "तुम्ही एवढं कूळ-कूळ केलं म्हणून विचारते." तिनं सुपारी कातरली. म्हणाली, तिची आजी छप्पन्नच्या दुष्काळात सापडलेली. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. गुजरात, खानदेश, राजपुताना सगळं करपलं होतं. ताप्ती व्हॅली रेल्वेचं काम सुरू होतं, तिकडं पोटासाठी माणसांचे लोंढे चालले होते. बैलगाडीच्या वाटेवर एका झाडाखाली चार-पाच वर्षांची मुलगी बसलेली. मोठमायच्या पणजोबांनी तिला गाडीत घेतलं, वाढवलं, आणि पुढं घरच्याच पोराशी तिचं लग्न लावलं.

"ती कोणाची होती?"

"मन्ही आजीनी जात कोनी इचारी?" मोठमाय म्हणाली. म्हणजे दुष्काळानं एकदा सगळं विचारायचं थांबवलं होतं, आणि चांगले दिवस आल्यावर आम्ही पुन्हा विचारायला लागलो.

कागद शोधायलाही मी गेले. तहसील कार्यालयात जुनी कोतवाल बुकं असतात, गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. जातीच्या दाखल्यासाठी आज लोक त्या जीर्ण पानांच्या नकला मिळवायला धडपडतात. माझ्या जन्माची नोंद तिथं नव्हती. मुळात त्या रकान्यांत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच लिहिलेलं. आईला रकानाच नव्हता. माझ्या आईचं नाव मला फक्त मामाच्या तोंडून मिळालं आहे. शाळेत एवढी रजिस्टरं भरली, पण त्या नावाला माझ्याकडंही रकाना नाही.

हे कळल्यावर एका हितचिंतकानं सल्ला दिला होता, मुलीच्या ॲडमिशनला उपयोग होईल, दाखल्याचं बघा. मी हसून सोडून दिलं. पुढं १८ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रमेशभाई डाभाई नाईका यांच्या प्रकरणात निकाल दिला. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात बापाची असं गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक खोडता येतं. आदिवासी आईनं तिच्या समाजात वाढवलेलं मूल, ज्यानं तीच उपेक्षा भोगली, ते आईच्या जमातीचं म्हणून हक्क सांगू शकतं. वाचून मला हायसं वाटलं, कारण माझं उत्तर त्यात होतं. मी वाढले ती ओट्याच्या वरच्या बाजूला. ज्यासाठी तो दाखला आहे, ते माझ्या वाट्याला आलंच नाही. आईचं रक्त घ्यायचं आणि तिच्या भाचवंडांची जागाही घ्यायची, हे व्हायला नको होतं.

शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' आलं १९८४ मध्ये. बाप पाटील, आई महार, आणि घरात आजोबाच्या जागी एक मुसलमान म्हातारा. मी ते तेव्हाच वाचलं होतं, दुसऱ्याच्या घरची गोष्ट म्हणून, डोळे पुसत. तोळ्याला बारा मासे, अकराच भरले तर ते अक्करमाशी, एक मासा कमी. आता पुन्हा वाचलं तेव्हा पान उलटेना. माझ्या आईची गोष्ट तशी जुलमाची नाही, असं मामा सांगतो, आणि पंच बसले होते हे खरं. तरी महिन्याला पगार घेणारा गुरुजी आणि भिंत नसलेल्या शाळेच्या पाड्यातली मुलगी, यांचं पारडं सारखं होतं असं मी म्हणणार नाही. ती काय म्हणाली असती, ते सांगायला ती उरली नाही.

मोठमायनं जाण्याच्या आदल्या वर्षी कोठीच्या तळातून एक फडकं काढलं. त्यात चांदीचं जाड कडं होतं. देजातलं. आत काळपट, बाहेरून हातानं घासून घासून गुळगुळीत झालेलं, एका जागी जरासं चेपलेलं. ते मी नंदुरबारला सराफाकडे नेलं, विकायला नाही, सरळ करून घ्यायला. त्यानं कसाला लावून पाहिलं. "हीण आहे यात, ताई." माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "असावंच लागतं. नुसत्या चांदीचं कडं मनगटावर टिकत नाही, लगेच वाकतं." मी त्याला सरळ करू दिलं नाही. तसंच घेऊन आले.

मामानं मला एकदा नर्मदेवर नेलं. बोटीतून जाताना पाण्याबाहेर वठलेल्या झाडांचे शेंडे दिसत होते. तो बोट दाखवत होता, तिथं ओसरी, तिथं आंबा, तिथं तुझी याहा. मला सगळीकडं सारखंच पाणी दिसत होतं, आणि तो मात्र घराघरातून चालल्यासारखा बोलत होता. डोंगरात ही गोष्ट कधीच लपलेली नव्हती. पाड्यातल्या पोराटोरांना ती ठाऊक होती. झाकलेली होती ती फक्त आमच्या बाजूनं, आणि धरणाचं पाणी चढलं नसतं तर ती खाली उतरलीच नसती.

परत आल्यावर मोठमायनं विचारलं होतं, "तुले भाकर दिधी का तठे?" मी म्हटलं, दिली, आणि येताना आमचूरही बांधून दिलं. ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, मी पाच वर्षांची असताना ते लोक एकदा आले होते. दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या जत्रेत. लांब उभे राहून बघत होते. तिनं मला पदराआड घेतलं.

त्या जत्रेतलं मला एवढंच आठवतं: घोड्यांच्या खुरांची धूळ, आणि कोणा अनोळखी मुलानं माझ्या मुठीत कोंबलेल्या वाळल्या कैरीच्या फोडी. इतक्या आंबट की डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा तो नव्हता.

मी मामाला विचारलं, तूच होतास का? त्यानं खूप आठवून पाहिलं. "मी नसेन," तो म्हणाला. "तेव्हा मी ऊसतोडीला होतो. पण आमच्यातलं कोणीतरी असेल. आम्ही दर साली कोणाला ना कोणाला पाठवायचो."