व्याडीची पाने

उज्जयिनी म्हटले की महाकाल, विक्रमादित्य आणि कालिदास आठवतात. व्याडी मात्र सहसा कोणाला आठवत नाही. अल्बेरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतवर्णनात या उज्जयिनीच्या रसायनवेत्त्याची कथा सांगितली आहे. रसायनापायी व्याडीने सारे वित्त आणि आयुष्य वेचले. हाती काही लागेना, तेव्हा तो नदीकाठी बसून आपल्या ग्रंथाचे एकेक पान प्रवाहात सोडू लागला. खालच्या अंगाला बसलेल्या एका गणिकेने ती पाने वेचली, त्याला धीर दिला आणि आपले धनही त्याच्या हवाली केले.

चुकत होते ते एका शब्दापाशी. ‘रक्तामल’ म्हणजे तांबडा आवळा, असे तो समजला होता. कृतीला हवे होते तेल आणि मनुष्याचे रक्त. पुढे एकदा खुंटीवर डोके आपटून तेल माखलेल्या मस्तकातले रक्त कढईत पडले, आणि म्हणे औषध सिद्ध झाले! ते अंगाला लावून पतिपत्नी आकाशात उडाली. अल्बेरूनीने यावर विश्वास ठेवला नाही. आपणही ठेवू नये.

परंतु कथेमागची आकांक्षा खोटी नव्हती. आपल्या रसशास्त्राने धातू आणि देह यांचा विचार एकत्रच केला. आजचे पदार्थविज्ञानही त्याच वाटेने रसायनशाळेतून रुग्णालयाकडे जाते. २००१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बुरशीकडून चांदीचे कण घडवून घेतले. त्यांचा सरासरी आकार होता सुमारे २५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा १०० कोटीवा भाग. अशी सूक्ष्म चांदी जंतुनाशक असल्याने जखमेच्या पट्ट्यांत वापरली जाते.

मात्र धातूपासून देहापर्यंतची वाट परीक्षेवाचून ओलांडता येत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. औषध प्राचीन आहे एवढ्याने ते निर्धोक ठरत नाही. आणि नवे आहे एवढ्यानेही नाही.

कढईत चुकून पडलेला थेंब म्हणजे विद्या नव्हे. तो का लागू पडला हे कळावे, नीट लिहून ठेवावे आणि दुसऱ्याच्या हातूनही तेच घडावे, तेव्हा ती विद्या होते. व्याडीच्या कथेत खरे शहाणपण कोणी दाखविले असेल, तर वाहून जाणारी पाने वेचणाऱ्या त्या स्त्रीने. तिचे नाव मात्र अल्बेरूनीने नोंदविलेले नाही.