भोपळ्यातला खर्ज आणि फळीतला खर्ज

शहाडच्या बिर्ला मंदिरात आषाढी एकादशीला विठोबापुढे मोठी रांग लागते. भजनाच्या गजरात टाळमृदंग सर्वांनाच ऐकू येतात, पण सुराचा धागा धरलेला असतो तो विणेकऱ्याच्या गळ्यातल्या वीणेनं. विठोबा पंढरपूरचा, आणि गंमत पाहा, आपल्या तंबोऱ्याला लागणारा मोठा कडू भोपळाही पंढरपूर-मंगळवेढ्याकडचाच. तिथून तो मिरजेला जातो.

मिरजेतले शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. त्यांचे वंशज 'सतारमेकर' झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या कारागिरांचं सारं कसब पोकळीचं. भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून आत कामट्या लावायच्या नि आकार द्यायचा. वर तुणीच्या लाकडाची तबली. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार पातळ केली तर तारांच्या ताणानं पुढे खचते. पुरुषी तंबोऱ्याचा घेर मोठा, बायकी तंबोऱ्याचा लहान. खर्जाला जागा हवी, हे त्यामागचं साधं गणित. तार बारीक, तिचा स्वतःचा आवाज तो केवढा! ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली आतल्या हवेला.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे खर्जाचं काम पुरुषभर उंचीचा, पोकळ डबल बास करीत असे. तो वाहून नेणं म्हणजे शिक्षाच, आणि मोठ्या ताफ्यात ऐकूही येईना. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पोकळीच काढून टाकली. ॲश लाकडाची भरीव फळी, ३४ इंचांची तार आणि तिच्याखाली चुंबक नि तांब्याचं वेटोळं. पोकळ पेटी ध्वनिवर्धकाजवळ घुमू लागते. भरीव फळी सहसा तसं करीत नाही. हीच बास गिटार पुढे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ वाजवीत.

मग तिथे लाकडाचं काम काय? दुकानदार लाकडाची जात सांगून दाम वाढवतो, म्हणून हा प्रश्न खिशाशीही निगडित आहे. चुंबकाला कळते पोलादी तारेची हालचाल. लाकडाचा आवाज तो थेट ऐकत नाही. पण दांडी पुरेशी ताठ नसेल तर एखादा स्वर तीच गिळते. पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास असा मुका स्वर पुष्कळ वाद्यांत सापडतो. माझ्या मते धडाच्या लाकडाच्या जातीपेक्षा दांडीचा ताठपणा आणि तारांची जात आधी पाहावी.

आकाराचं मात्र निराळं. तो कानापेक्षा अंगाला कळतो. पहिल्या बासच्या कडा चौकोनी, छातीत रुतणाऱ्या. १९५४ मध्ये त्या तासून उतरत्या केल्या. वरचं शिंग लांब, कारण पट्टा तिथे अडकतो. ते आखूड पडलं की लांब दांडी जमिनीकडे झुकते, आणि सूर दाबायचा डावा हात ओझं पेलत बसतो. आपल्या विणेकऱ्याला हे सांगायला नको. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. उभ्यानं पहारा देताना तिचा तोल त्याच्या खांद्याला ठाऊक असतो.