सर्वात सुंदर पोपटाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो

ब्रिस्बेनला असताना शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून भटकायची सवय लागली. बँक्सियाच्या फुलांवर लटकलेले लोरिकीट, तळ्याकाठचे चतुर, गवतातली बारीक रानफुलं... एका सकाळी अडीचशे फोटो सहज व्हायचे. घरी आलं की त्यातले दोनशे चाळीस डिलीट! अशाच एका रविवारी एक जुना फोटो पाहण्यात आला आणि डिलीटवरचं बोट अडखळलं. त्या फोटोची ही गोष्ट.

१८४४ साली क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागात जॉन गिल्बर्टला एक पोपट मिळाला. निळसर-हिरवं अंग, तपकिरी पाठ, पोट आणि खांदे लालभडक. पुढच्या वर्षी जॉन गूल्डने त्याला लॅटिन नाव दिलं, ते 'सर्वात सुंदर' या अर्थाचं. लोक त्याला 'पॅराडाइज पॅरट' म्हणू लागले. हे महाशय गवताचं बी खायचे आणि घरटं करायचे चक्क वाळवीच्या वारुळात!

सौंदर्य नडलं म्हणा. पिंजऱ्यासाठी पकडापकडी झालीच. पण खरी गोची झाली ती गवताची. कुरणांत गुरं-मेंढ्या वाढल्या, त्यात १९०२चा भीषण दुष्काळ. पोपट दिसेनासा झाला. संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

अ‍ॅलेक चिझम नावाच्या पत्रकाराने मात्र नाद सोडला नाही. कुणाला दिसलाय का, असं तो लोकांना विचारत राहिला. आणि बर्नेट नदीच्या खोऱ्यातल्या सिरिल जेरार्ड या पशुपालकाने कळवलं, मला दिसलाय! १९२२ मध्ये जेरार्डने वारुळाजवळ आडोसा केला आणि आत दबा धरून बसला. ऑटोफोकस नाही, बर्स्ट मोड नाही, हाताशी फक्त त्या काळचा अवजड कॅमेरा. तरी जोडीचे फोटो मिळाले.

त्या घरट्यातली अंडी उबलीच नाहीत. १९२७ मध्ये जेरार्डला हा पोपट शेवटचा दिसला. त्यानंतरची एकही खात्रीची नोंद नाही. जिवंत पॅराडाइज पॅरटचे फोटो जगात तेवढेच. आणि गंमत बघा, नाव 'सर्वात सुंदर', पण फोटोत रंगच नाहीत.

मग फोटो काढून उपयोग काय? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण याच क्वीन्सलंडमधली दुसरी गोष्ट ऐका. असाच हरवलेला मानला गेलेला नाइट पॅरट २०१३ मध्ये कॅमेऱ्यात सापडला. या वेळी लोक नुसते फोटो बघत बसले नाहीत. २०१६ मध्ये तिथली जमीनच विकत घेऊन पुलेन पुलेन अभयारण्य उभं केलं. जेरार्डच्या फोटोनंतर कुणी ते गवत राखलं असतं तर?

असो. डिलीट मी अजूनही करतो. पण उरलेल्या दहा फोटोंवर जागा आणि तारीख न विसरता लिहितो. पक्षी अगदी रोजचा असला तरी. हा पोपटही कधीतरी तिथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातलाच होता की!