पुसलेली ओळ

एका डिसेंबरातली गोष्ट. पुण्याहून माझी भाची सुटीला गडहिंग्लजला आली होती. ती संगणकाच्या कामात असते. दुपारची जेवणं झाली, मी जरा आडवा होणार तोच तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ‘‘मामू, ये इडली अपन घर में बनाएंगे?’’

पडद्यावर रंगीत चित्रासारखं एक स्वयंपाकघर होतं. ओट्यावर इडलीपात्र, बाजूला पिठाचं भांडं आणि एक जुनी वही. वहीचं पान डागाळलेलं, मधल्या ओळी पुसलेल्या. हा म्हणे व्हिडिओ गेम. माझ्या समजुतीप्रमाणे व्हिडिओ गेम म्हणजे बंदुका नाहीतर मोटारींच्या शर्यती. इथे तसं काही नव्हतं. पुसलेल्या ओळींत काय लिहिलं असेल ते ओळखायचं आणि इडली करायची, एवढाच खेळ. चुकलं तर पुन्हा करायचं.

खेळाचं नाव ऐकून मात्र मी उठून बसलो. ‘वेण्बा’. तमिळ काव्यशास्त्रात वेण्बा हा एक जुना छंद आहे. आपल्याकडे ओवी जशी मातीत मुरलेली, तसा तिकडे वेण्बा. तिरुक्कुरळची दोन ओळींची पद्यंही याच कुळातली. या खेळात वेण्बा हे एका बाईचं नाव आहे. तिच्या नवऱ्याचं नाव पावलन. त्याचा तमिळमधला अर्थ कवी. १९८०च्या दशकाच्या शेवटी हे जोडपं तमिळनाडू सोडून कॅनडात येतं. येताना वेण्बाबरोबर तिच्या आईनं दिलेली पाककृतींची वही असते. मुलगा होतो, शाळेत जायला लागतो, आणि त्याला डब्यातल्या पदार्थांची आणि स्वतःच्या नावाचीही लाज वाटू लागते. कविनचा तो केविन होतो. पुढे तो मोठा होऊन दूर जातो. एके दिवशी तीच वही उघडून एकटाच स्वयंपाकाला उभा राहतो, तेव्हा तिच्यातली तमिळ अक्षरं त्याला धड वाचता येत नाहीत.

टोरांटोच्या एका छोट्या चमूनं केलेला हा खेळ २०२३च्या जुलैअखेर आला. २०२४ मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचा पदार्पणासाठीचा पुरस्कारही मिळाला.

खेळांत खाणं येणं नवं नाही. १९८० साली जपानमध्ये ‘पॅक-मॅन’ आला. त्यातला तो पिवळा, सतत ठिपके गिळत सुटणारा गोळा पिझ्झाचा एक तुकडा काढून घेतल्यावर उरलेल्या आकारावरून सुचला, असं सांगतात. २००६ मध्ये ‘कुकिंग मामा’ आली, आणि चिरणं, ढवळणं, परतणं हाच खेळ झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या लढायांच्या खेळातल्या पदार्थांचं तर २०१६ मध्ये अधिकृत पाकपुस्तकच निघालं. ज्या गावात आपण कधी गेलो नाही, जे गाव मुळात अस्तित्वातच नाही, तिथलं जेवण माणसं आपल्या चुलीवर शिजवून पाहू लागली. मला याचं हसू आलं नाही. गोष्टीतलं जेवण तोंडाला पाणी आणतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर आम्ही इडली करायला घेतली. पडद्यावर वाफ क्षणात येते. इकडे डिसेंबरातल्या गारठ्यात पीठ काही फुगेना. सकाळी पातेलं उघडलं तर रात्री ठेवलं होतं तसंच. तरी भाचीला धीर नव्हता. इडल्या झाल्या त्या अशा, की एक खाली पडली तर फरशीकडे आधी बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी पातेलं गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. मग जमलं. एक गोष्ट मात्र तिनं पहिल्याच खेपेला बिनचूक केली होती. पात्रातल्या ताटल्या रचताना वरची ताटली थोडी फिरवून ठेवायची, म्हणजे खालच्या इडलीला फुगायला जागा राहते आणि वाफ सगळीकडे खेळते. हे ती घरात शिकली नव्हती. खेळातलं पहिलं कोडं तेच होतं.

चटणीबरोबर इडली खाता खाता तिनं विचारलं, ‘‘ही इडली किती जुनी असेल?’’ बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, त्यामुळे असा प्रश्न आला की मला राहवत नाही.

आपण सीमेवरची माणसं. इथून संकेश्वरकडे निघालं की थोड्याच वेळात पाट्या कानडी होतात. इडलीचे जुने उल्लेखही त्याच भाषेत सापडतात. साधारण ९२० सालच्या ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ येते. १०२५च्या सुमारास चावुंडरायाच्या ‘लोकोपकार’मध्ये उडदाची डाळ ताकात भिजवून वाटायची कृती आहे. आणि ११२९च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या काळी कोल्हापुरावर शिलाहारांचं राज्य होतं आणि ते या चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे हा आपल्याच मुलखाच्या राजाचा ग्रंथ. शंभर अध्यायांत हत्तींपासून अत्तरांपर्यंत सगळं आहे, आणि अन्नभोग या भागात राजाच्या ताटातले पदार्थही आहेत. त्यात ‘इडरिका’ आहे.

आता ही इडरिका करून बघा. उडदाच्या पिठाचे लहान गोळे करायचे, तुपात तळायचे, वर मिरपूड, जिरेपूड, हिंग. झाली इडरिका! तांदूळ नाही, पीठ आंबवणं नाही, वाफवणं नाही. खाद्येतिहासकार के. टी. अचया यांनी नेमक्या या तीन उणिवांवर बोट ठेवलं होतं. वाफवण्याची रीत इंडोनेशियाकडून आली असावी, असा तर्कही त्यांनी मांडला. त्यावर जाणकारांचं एकमत नाही. पण एवढं खरं, की नाव टिकलं आणि पदार्थ बदलला. मधल्या शतकांत कुणी तरी तांदूळ घातला, कुणी पीठ रात्रभर ठेवलं, कुणी फडकं बांधून वाफेवर धरलं. त्या बायकांची नावं कुठल्याच राजाच्या ग्रंथात नाहीत.

त्याच ग्रंथात दुसरं उदाहरण आहे, ‘मंडक’. गव्हाची मऊसूत कणीक हातावर खेळवत पातळ करायची आणि तापलेल्या खापरावर टाकायची. आपल्यातले जे लग्नकार्याला बेळगावला गेले असतील, त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. बेळगावचे मांडे असेच हातावर पसरतात आणि पालथ्या भांड्यावर भाजतात. इथे नऊशे वर्षं नावही टिकलं आणि रीतही. का टिकली? ग्रंथ वाचून कुणी मांडे शिकलं असेल असं मला वाटत नाही. कणीक किती सैल हवी, हात किती उंच धरायचा, हे शेजारी उभं राहून बघावं लागतं. एकीनं केलं, दुसरीनं पाहिलं, अशी ती साखळी तुटली नाही.

मराठीत पाकपुस्तकंही कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चं. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि वाटी-चमच्याच्या चोख मापांमुळे कितीतरी नव्या संसारांना ते सासूच्या जागी झालं. पण ही पुस्तकं ज्यांच्या घरात पोचली त्यांची. आमच्या अम्माला अक्षरओळख बेताची. तिची वही नव्हतीच.

भाची इडली खाऊन हात धुऊन आली आणि सहज म्हणाली, ‘‘मामू, नानीचे चोंगे कसे करायचे, ते कुठे लिहिलंय?’’

मी गप्प झालो.

ज्यांना चोंगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मोहरमला आमच्याकडे पीर बसतात, पंजे उठतात. त्यात मुसलमान किती आणि हिंदू किती, हे मोजायची रीत नाही. पिराला मलिदा आणि चोंग्यांचा नैवेद्य दाखवतात. गूळ घातलेल्या कणकेची जाडसर पोळी, वर नक्षी उमटवलेली, खसखस लावलेली, तव्यावर तुपात खरपूस भाजलेली. खत्तल रात्रीच्या आधी आमच्या घरात टोपलीभर चोंगे व्हायचे आणि गल्लीत घरोघरी जायचे. सात वर्षांपूर्वी अम्मा गेली. पहिल्या वर्षी सुतक म्हणून केले नाहीत, दुसऱ्या वर्षी सवड नव्हती म्हणून, आणि तिसऱ्या वर्षी कुणी आठवणही काढली नाही. अम्मावर मी कविता लिहिल्या, त्या छापूनही आल्या. पण ती तव्यापाशी असताना तिच्या जवळ बसून मी एकदाही विचारलं नव्हतं, की पिठात काय काय घालतेस.

त्याच संध्याकाळी आम्ही चोंगे करून पाहिले. गूळ आपल्या बाजारातला, गहूही आपलाच. गूळ पाण्यात उकळला, त्या गरम पाण्यातच कणीक मळली. चोंगे झाले, पण चामड्यासारखे वातड. भाची म्हणाली, ‘‘खेळात चुकलं की पुन्हा पहिल्यापासून करता येतं.’’ पण पुन्हा काय करायचं, तेच ठाऊक नव्हतं. तिथे पुसलेल्या ओळींच्या आगेमागे निदान चार शब्द तरी असतात. इथे पानच कोरं होतं.

सकाळी त्यातले दोन चोंगे घेऊन मी समोरच्या काकूंकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. दर मोहरमला त्यांच्या घरचा नैवेद्य आमच्याच चुलीवर व्हायचा, कारण तवा मोठा आमच्याकडे. त्यांनी तुकडा मोडला, तो मोडेना, मग हसल्या.

‘‘मोहन घातलंस का न्हाई?’’

‘‘किती घालायचं?’’

‘‘माप कुठलं आलंय त्याला! तुझी आई कडकडीत तूप पिठात सोडायची, हातानं चोळायची आणि मूठ दाबून बघायची. मुटका झाला की बास. आणि गुळाचं पाणी गाळून पार गार झाल्याबिगर कणकंत घालायचं न्हाई.’’

नक्षीचा लाकडी साचा कुठे गेला, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, साचा नंतर आला. आधी तुझी आई बांबूच्या दुरडीच्या पाठीवर पोळी दाबायची, विणीची नक्षी उमटायची. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माळ्यावरची दुरडी काढून घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘ही तुमच्याच घरातली. चोंगे घालून आली होती, परत द्यायची राहिली.’’

पुढच्या मोहरमला भाची पुण्याहून मुद्दाम आली. काकू खुर्चीवर बसून सांगत होत्या, ती पिठाची मूठ दाबून दाखवत होती. पहिले दोन बिघडले, मग हात बसला. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं, मापासकट. मी तिला म्हटलं, मापाच्या जागी ‘मुटका होईपर्यंत’ असंच लिही, आणि खाली काकूंचं नाव घाल. इडरिकेच्या वेळी राहून गेलं ते निदान इथे तरी राहू नये.

मला खेळातलं फारसं कळत नाही. पण पडद्यावरच्या एका परक्या घरातली वही पाहून आमच्या घरातल्या मुलीला आपल्या घरात वही नाही हे कळलं, याबद्दल मी त्या खेळाचा ऋणी आहे. कोरं वाटलेलं पान समोरच्या घरात जपलेलं होतं. आपण जाऊन विचारेपर्यंत काकू होत्या, हे आमचं नशीब. तुमच्या गल्लीतही अशी एखादी काकू, एखादी खाला असेल. आज रविवार आहे, सवड असेल तर जाऊन या. दुरडी राहिली असेल तर तीही मागून आणा.