काठमांडूचा आरंभीचा पेट्रोल पुरवठा

नेपाळची राजधानी काठमांडू येथे मोटारगाड्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राणा राजवटीत धावू लागल्या. मात्र शहराला भारताच्या सीमेशी जोडणारा मोटाररस्ता १९५६ साली पूर्ण झाला. मधल्या काळात गाड्या आणि त्यांना लागणारे पेट्रोल, दोन्ही डोंगर ओलांडूनच आणावे लागत.

भौगोलिक पार्श्वभूमी

काठमांडू खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर असून त्याच्या दक्षिणेस महाभारत पर्वतरांग आहे. तराईतून येणारी जुनी वाट भीमफेदी, चिसापानीगढी, चितलांग आणि चंद्रागिरी या मार्गाने थानकोटला उतरत असे. भीमफेदीच्या पुढे चाकाची गाडी जाऊ शकत नसे.

वाहतुकीचे टप्पे

पंतप्रधान चंद्र शमशेर यांच्या कारकिर्दीत, १९२७ साली, रक्सौल ते अमलेखगंज हा सुमारे ३९ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. अमलेखगंजहून भीमफेदीपर्यंत मालमोटारी जात. त्याच सुमारास भीमफेदीजवळील धोर्सिङ ते खोऱ्यातील मातातीर्थ असा सुमारे २२ किलोमीटरचा मालवाहू रज्जुमार्ग कार्यान्वित झाला.

रज्जुमार्गावर न मावणारे अवजड सामान भरियांच्या, म्हणजे नेपाळी हमालांच्या, खांद्यावरून जाई. मोटारीची चाके काढून ती लांब दांड्यांना बांधली जाई आणि अनेक भरिये मिळून ती चंद्रागिरीपलीकडे नेत. लहान ओझे डोकोत, म्हणजे बांबूच्या पाटीत, ठेवून कपाळावरील नाम्लो या पट्ट्याने पेलले जाई. त्या काळी हिंदुस्थानात पेट्रोल चार गॅलनच्या (सुमारे १८ लिटर) पत्र्याच्या डब्यांतूनही विकले जाई. अशा डब्यातील पेट्रोलचेच वजन साडेतेरा किलोच्या आसपास भरते. त्यामुळे प्रत्येक डब्यामागे आगगाडी, मालमोटार आणि रज्जुमार्ग किंवा माणसाची पाठ एवढा खर्च पडे. खोऱ्यातील मोटार दीर्घकाळ राणा घराण्याची व दरबाराचीच मिरासदारी राहिली, याचे हे एक कारण होय.

रस्ता आणि तेलवाहिनी

भारताच्या साहाय्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ २,४८८ मीटर उंचीच्या सिमभंज्याङ खिंडीतून जातो. तो पूर्ण झाल्यावर इंधन थेट वाहनांतून राजधानीत येऊ लागले. लोहमार्ग व रज्जुमार्ग कालांतराने बंद पडले. अमलेखगंजचे महत्त्व मात्र टिकले आणि नेपाळचे प्रमुख तेलकोठार तेथेच उभे राहिले.

रस्ता झाला तरी परावलंबन संपले नाही. २०१५–१६ मध्ये सीमेवरील वाहतूक काही महिने खोळंबली, तेव्हा काठमांडूत इंधनाची तीव्र टंचाई झाली. १० सप्टेंबर २०१९ रोजी बिहारमधील मोतीहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली व आरंभी तिच्यातून डिझेल येऊ लागले. १९२७ साली आगगाडी जेथे थांबे, तेथेच ही वाहिनीही थांबते. पुढचा डोंगर आजही टँकरनेच ओलांडावा लागतो.